लिव्हर मशीनवाल्यांची पत्रं

या वेळी घरच्या लिव्हर एस्प्रेसो मशीनबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. माझी नोकरी कारखान्यातल्या बॉयलरांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर ही छोटी यंत्रं दुरुस्त करायला लागले आणि त्यांच्यावर जीव जडला. दांडा, दट्ट्या, पाणी आणि वाफ, एवढ्यावर चालणारं यंत्र स्वतःच्या हातानं उघडावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ते तुम्ही उघडावं असंच मला वाटतं. फक्त कुठलाही बदल सुचला की मी आधी एक गोष्ट विचारते: हा बदललेला भाग उद्या बिघडला, तर यंत्र बंद पडेल की चालूच राहील? बंद पडणार असेल तर खुशाल करून बघा. चालू राहणार असेल तर आधी माझं उत्तर वाचा.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझ्या मशीनचा हीटर बंद होतो तेव्हा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १.२ बारवर असतो. कॉफी कडू, करपल्यासारखी लागते. प्रेशरस्टॅटवर (ठरलेल्या दाबाला हीटर चालू-बंद करणारा भाग) एक स्क्रू असतो, मशीन चालू ठेवून तो फिरवत काटा खाली आणायचा, असं एका मित्रानं सांगितलं. तळ उघडला, आतल्या वायरी बघितल्या आणि हात थांबला. पुढे काय करू?

उत्तर: हात थांबला हे फार चांगलं झालं. प्रेशरस्टॅटच्या त्या स्क्रूपासून बोटभर अंतरावर हीटरच्या वायरींची टोकं असतात आणि त्यांच्यात घरातली पूर्ण वीज असते. मशीनचा खटका बंद केला तरी भागत नाही, कारण बऱ्याच यंत्रांत तो एकच वायर तोडतो. प्लग भिंतीतून काढून तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा, मगच तळाला हात लावायचा.

आता तुमच्या १.२ बारबद्दल. बंद बॉयलरमध्ये पाणी आणि वाफ एकत्र नांदत असतात तेव्हा दाब सांगितला की तापमान सांगितल्यासारखंच असतं. गेजवर ०.७ बार म्हणजे आत सुमारे ११५ अंश सेल्सियस, ०.८ ला ११७, १ बारला १२० आणि तुमच्या १.२ ला १२३. कॉफीवर पडताना मात्र पाणी ९० ते ९६ अंशांच्या आसपास हवं. मधले वीस-पंचवीस अंश कमी करतो तो ग्रुपचा, म्हणजे दट्ट्या आणि कॉफी जिथे असतात त्या पुढच्या भागाचा, थंड धातू. म्हणजे बॉयलर जेवढा गरम, तेवढं जास्त काम ग्रुपला, आणि ग्रुप स्वतःच तापला की ते काम तो करूच शकत नाही. घरच्या छोट्या लिव्हर यंत्रांना ०.७ ते ०.९ बार पुरतात असं माझं मत आहे. दूध फेसायला वाफ थोडी मंद वाटेल, पण कॉफी सुधारेल.

स्क्रूकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा. यंत्र पूर्ण थंड असताना गेजचा काटा शून्यावर येतो का? येत नसेल तर आधी गेज बदला, कारण चुकीच्या गेजवर केलेली जुळणी चुकीचीच होणार. दुसरी गोष्ट अडकलेल्या हवेची. थंड बॉयलर तापवताना पाण्याच्या वरची हवा आतच कोंडते. ती तापून फुगते आणि वाफेच्या दाबात स्वतःची भर घालते. काटा ०.८ दाखवतो, हीटर बंद होतो, पण पाणी त्या दाबाला हवं तेवढं तापलेलंच नसतं. म्हणून काटा हलायला लागला की वाफेची चावी थोडी उघडायची, नळीचं तोंड फडक्यात धरून. आधी फुसफुसत हवा आणि पाण्याचे शिंतोडे येतात, मग सलग कोरडी वाफ. तशी वाफ आली की चावी बंद. काही यंत्रांत हे काम एक लहान झडप आपोआप करते.

एवढं करूनही काटा १.२ वरच थांबत असेल तर स्क्रूला हात घाला. यंत्र थंड, रिकामं, प्लग काढलेला. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मार्करनं एक सरळ रेघ ओढा, म्हणजे मूळ जागा कधीही सापडेल. कमी-जास्तीच्या खुणा बहुतेक प्रेशरस्टॅटवर कोरलेल्या असतात. कमीच्या बाजूला पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तळ पुन्हा नीट बसवा, पाणी भरा, तापवा, हवा सोडा आणि हीटर दोन-तीनदा चालू-बंद होऊ द्या. मग बघा, बंद होताना काटा कुठे असतो. प्रत्येक पाव फेऱ्यासाठी एवढा सगळा खटाटोप करायचा, आणि एक संध्याकाळ त्यात जाईल. चालू यंत्रावर उघड्या तळातून स्क्रू फिरवला तर दहा मिनिटांत होईल हे खरं आहे, पण त्या दहा मिनिटांत एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसरा हात धातूच्या बॉयलरवर असतो. तसं करू नका.

प्रश्न: सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत बारीक आवाज येतो आणि थेंब पडतात. टेप गुंडाळून घट्ट बसवू का? नाहीतर तिथे सरळ बूच मारलं तर? प्रेशरस्टॅट आहेच की.

उत्तर: बूच मारायचं नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही, तात्पुरतंही नाही.

प्रेशरस्टॅट आहेच, पण त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी कधीतरी एकमेकांना चिकटतात, किंवा त्याच्याकडे जाणारी बारीक नळी क्षारानं बुजते. मग हीटर थांबतच नाही. त्या दिवशी तुमच्या आणि बॉयलरच्या मध्ये फक्त ती झडप उभी असते. १२० अंशांवरच्या एका लिटर पाण्याचा दाब अचानक सुटला तर त्यातलं सुमारे ३७ ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होतं. ३७ ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण ती वाफ सुमारे ६० लिटर जागा मागते. उरलेलं पाणी उकळतं असतं आणि ते त्या वाफेबरोबर बाहेर येतं. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणी खिळा ठोकत नाही. इथेही तोच न्याय.

आता गळतीचं बघू. थेंब व्हॉल्व्हच्या तोंडातून पडतात की आट्यांतून, हे कोरड्या कागदाची पट्टी धरून ठरवा. बोट लावून बघू नका. आट्यांतून येत असतील तर थंड यंत्रावर व्हॉल्व्ह काढून, जुना टेप खरवडून, नवा टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा आणि बसवा. तोंडातून येत असतील तर आधी गेज बघा. दाब खरोखरच वाढलेला असेल तर झडप तिचं काम चोख करते आहे आणि दोष प्रेशरस्टॅटचा आहे. दाब नेहमीचा असेल तर झडपेच्या बैठकीवर क्षार बसलाय. तिची टोपी घट्ट करून, स्प्रिंग दाबून आवाज बंद करता येतो, पण मग ती किती बारला उघडेल हे कोणालाच माहीत नसतं. त्याच दाबाची, तेवढीच वाफ सोडू शकणारी, प्रमाणित झडप नवी आणा आणि जुनी टाकून द्या. या एका भागावर मी कोणालाच काटकसर करू देत नाही.

प्रश्न: माझ्याकडे जुनं मशीन आहे, प्रेशरस्टॅट नसलेलं, कमी आणि जास्त अशा दोन खटक्यांचं. त्याला पीआयडी कंट्रोलर (सेन्सरनं तापमान मोजून हीटर आपोआप सांभाळणारा) आणि सॉलिड स्टेट रिले (त्याच्या आज्ञेनं हीटरची वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक खटका) बसवायचा आहे. मी इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, वायरिंगची भीती नाही. सोल्डरिंग करून सगळं बसेल ना?

उत्तर: बसेल, आणि चांगलं बसलं तर तुमच्या यंत्राला फार मोठा फायदा होईल. दोन खटक्यांच्या यंत्रात माणूसच प्रेशरस्टॅट असतो. आधी 'जास्त'वर तापवायचं, मग आठवणीनं 'कमी'वर आणायचं. आठवण चुकली की झडप शिटी मारते. तेव्हा इच्छा योग्य आहे. तुम्हाला वायरिंग येतं म्हणून मी वायरिंगबद्दल कमी आणि बिघाडाबद्दल जास्त लिहिते.

सॉलिड स्टेट रिले जळतो तेव्हा बहुतेक वेळा तो जोडलेल्या अवस्थेत जळतो. पीआयडीच्या पडद्यावर 'बंद' दिसत राहतं आणि हीटर मात्र तापतच असतो. दुसरा बिघाड त्याहून साधा आणि त्याहून जास्त वेळा घडणारा. बॉयलरच्या भिंतीला बांधलेला सेन्सर उष्णतेनं सैल होतो आणि खाली लोंबकळतो. आता तो खोलीतल्या हवेचं तापमान मोजतो. कंट्रोलरला वाटतं यंत्र थंड पडलंय, म्हणून तो पूर्ण जोरानं हीटर लावतो. त्याच्या हिशेबानं तो बरोबरच वागत असतो. दोन्ही वेळा यंत्र चालूच राहतं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे वाईट येतं.

म्हणून पीआयडीच्या आधी एक वेगळा, स्वतंत्र, हातानं रीसेट करायचा थर्मोस्टॅट बसवा. तो रिलेच्या आणि कंट्रोलरच्या आज्ञेत नको. हीटरची मुख्य वायर त्याच्यातून गेली पाहिजे, आणि तो बॉयलरच्या धातूला, हीटरजवळ, स्क्रूनं किंवा धातूच्या पट्ट्यानं पक्का आवळलेला हवा. चिकटवलेला चालणार नाही. तुमचं काम ११५ ते १२० अंशांत होणार, तेव्हा १३० च्या आसपास तोडणारा घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह १.८ बारचा असेल तर तो सुमारे १३१ अंशांना उघडतो, म्हणजे वीज आधी तुटेल आणि झडप शेवटचा आधार म्हणून राहील. हातानं रीसेट करायचा अशासाठी की आपोआप जुळणारा थर्मोस्टॅट दोष लपवतो. तो तोडतो, थंड झाला की जोडतो, आणि रिले जळलाय हे तुम्हाला आठवडाभर कळत नाही. बॉयलरमधलं पाणी संपून हीटर कोरडा तापला, तरी हाच थर्मोस्टॅट त्याला वाचवतो.

मग बाकीचं. १००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला सुमारे ४.३ अँपिअर घेतो, १२० व्होल्टला ८.३. रिले २५ अँपिअरचा आणि विश्वासू बनावटीचा घ्या, खाली उष्णता वाहून नेणारी पट्टी लावा आणि तो यंत्राच्या तळात कोंबू नका. तिथे त्याचा जीव उष्णतेनंच जाईल. त्याला बाहेर धातूच्या डबीत ठेवा आणि त्या डबीलाही अर्थिंग द्या. बॉयलरजवळच्या सगळ्या वायरी सिलिकॉन किंवा फायबरग्लास आवरणाच्या हव्यात. साधं पीव्हीसी आवरण तिथे मऊ पडतं. आणि तुम्ही सोल्डरिंग म्हणालात, ते हीटरच्या टोकांवर नको. तिथे दाबून बसवलेली टर्मिनलं लावा. जस्तासारखा दिसणारा तो सोल्डरचा थेंब सततच्या उष्णतेनं आणि थरथरीनं सुटतो आणि मोकळी झालेली वायर जिथे टेकेल तिथे टेकते.

रिले बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते. तेव्हा रिले बंद म्हणजे वीज बंद असं कधीही धरू नका. दोन्ही वायरी एकदम तोडणारा खटका लावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर पीआयडीच्या आधी तो बसवून घ्या. जुन्या हीटरचं आवरण फुटून ओल आत शिरते आणि गळती सुरू होते, ती हा खटका पकडतो. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर त्याला शिव्या घालून तो काढून टाकणारे लोक मी बघितले आहेत. तो पडतोय कारण हीटर खरोखर गळतोय.

सगळं जोडून झालं की एक चाचणी माझ्यासाठी करा. बॉयलर भरलेला, तुम्ही समोर, हात प्लगवर. सेन्सर मुद्दाम काढून हवेत ठेवा आणि यंत्र चालू करा. वेगळा थर्मोस्टॅट वीज तोडतो का ते डोळ्यांनी बघा. काटा १.७ च्या पुढे सरकायला लागला तर वाट बघू नका, प्लग ओढा. ही चाचणी पास झाल्याशिवाय ते यंत्र घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका.

प्रश्न: दांडा दाबताना फार जोर लागतो, माझे खांदे दुखतात. मी वयस्कर आहे. दांड्यावर लोखंडी नळी चढवून तो लांब केला तर जोर कमी लागेल ना? मुलगा म्हणतो करून देतो.

उत्तर: काकू, जोर कमी लागेल. पण तो जोर यंत्राला दुसरीकडे भोगावा लागेल, म्हणून मुलाला थांबवा.

दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर ९ बार दाबासाठी त्याच्यावर सुमारे १८० किलो वजनाएवढं बळ येतं. ते सगळं बळ दांड्याच्या मुळाशी असलेल्या दोन बारीक पिनांवर तोललेलं असतं. कॉफी फारच बारीक दळलेली असेल तर पाणी पुढे सरकत नाही, आणि लांब दांड्यामुळे तुम्ही नकळत ९ च्या जागी १२-१४ बार लावाल. पिना झिजतात, मग वाकतात, दांडा बाजूला डुलायला लागतो. ही यंत्रं वजनानं हलकी असतात, लांब दांड्यानं ती पुढे कलंडतातही. आणि हातानं जोर जास्त लागणं हा तुम्हाला मिळालेला इशारा असतो. नळी लावली की तो इशारा बंद होतो.

जोर का लागतो ते आधी शोधू. यंत्र थंड असताना, कॉफी न घालता, दांडा वर-खाली करून बघा. तेव्हाही जड असेल तर दट्ट्याचे सील कोरडे पडले आहेत किंवा फुगले आहेत. तेव्हा हलका असेल तर दोष कॉफीचा आहे. दळण थोडं जाड करा किंवा बास्केटमध्ये ग्रॅमभर कॉफी कमी घाला. माझा अंदाज दोन्हीचा आहे, कारण तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की गेली बरीच वर्षं सील बदललेले नाहीत.

सील बदलणं मुलाला नक्की जमेल आणि ते काम मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. दट्ट्या बाहेर काढला की त्यावर काळपट चिकट थर दिसेल. तो जुनं ग्रीस आणि कॉफीच्या तेलाचा आहे. दोन सील असतात, प्रत्येकाला एक पातळ ओठ असतो. काढण्याआधी फोटो काढा, कारण ओठांची दिशा महत्त्वाची आहे. खालच्या सीलचा ओठ कॉफीकडे असतो. दाब त्याच्या खोबणीत शिरून ओठ बाहेर फाकवतो आणि तो सिलिंडरला घट्ट टेकतो. उलटा बसला तर दाब त्याला आत दुमडतो आणि पाणी वर चढतं. सिलिंडर आतून कपड्यानं पुसून आरशासारखा चमकला पाहिजे, पॉलिश पेपर लावायचा नाही. खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस घेऊन बोटानं इतका पातळ थर द्या की तो दिसू नये, नुसता जाणवावा. मग दट्ट्या थोडा तिरका धरून ओठाची एक बाजू आत घाला आणि उरलेली लाकडी काडीनं फिरवत फिरवत आत सरकवा. लोखंडी टोक लावलं तर ओठ चिरतो. पेट्रोलियम जेली आणि मशीनचं तेल नको, त्यानं काही रबरं फुगतात, आणि ते पोटात जायची वस्तूही नाही. सील सिलिकॉन रबराचे असतील तर मात्र सिलिकॉन ग्रीसनं तेही फुगतात. विकत घेताना सील कशाचे आहेत हे विचारून घ्या.

एवढं केल्यावरही खांदे दुखले तर यंत्र कमरेच्या उंचीच्या ओट्यावर उतरवा. दांडा छातीसमोर असला की दंडाऐवजी शरीराचं वजन कामाला येतं.

प्रश्न: मावशी, मला अरेतुरेच करा, मी अजून शिकतोय. जुनं स्प्रिंगवालं लिव्हर मशीन घेतलं. परवा दांडा हातातून सुटला आणि जोरात वर येऊन खांद्यावर आदळला. स्प्रिंग फार कडक आहे का? ती काढून बघू का? उलट एक जण म्हणतो अजून कडक स्प्रिंग टाक, क्रीमा (कॉफीवरचा सोनेरी फेस) वाढेल.

उत्तर: बाळा, खांद्यावर लागलं म्हणून वाचलास. तोच दांडा जबड्यावर बसला असता तर दात गेले असते. अशा जखमा खरोखर झालेल्या आहेत.

स्प्रिंगच्या यंत्रात तू दांडा खाली ओढतोस तेव्हा स्प्रिंग दबते आणि दट्ट्याखाली पाणी भरतं. मग स्प्रिंग ते पाणी कॉफीतून ढकलते आणि दांडा हळूहळू वर जातो. त्याला हळू ठेवतो तो कॉफीचा विरोध. कॉफी नसेल, फार जाड दळलेली असेल, पाणी भरलेलंच नसेल, किंवा पोर्टाफिल्टर (कॉफीची बास्केट धरणारा मुठीचा भाग) नीट अडकला नसेल, तर विरोध शून्य आणि सगळी स्प्रिंग दांड्यात उतरते. म्हणून दांडा वर सोडताना हात काढायचा नाही. हाताला समोरून विरोध जाणवला, दांडा स्वतःहून रेंगाळायला लागला, की मगच बोटं सैल करायची. डोकं कधीही दांड्याच्या वाटेवर नको. कपात किती आली हे बघायला लोक वाकतात, तेव्हाच हे होतं. आणि दांडा मध्येच अडकलेला असताना पोर्टाफिल्टर फिरवायचा नाही. आत दाब असतो, गरम पाणी आणि कॉफीचा चोथा तोंडावर येतो. थेंब थांबेपर्यंत उभा राहा.

स्प्रिंग काढायचा विचार सोडून दे. दांडा पूर्ण वर असला तरी ती मोकळी नसते, बसवतानाच दाबून बसवलेली असते. दांड्याची पिन ठोकून काढलीस की ती सगळं सुटं करून फेकते. त्यासाठी त्या ग्रुपच्या मापाचा स्प्रिंग दाबायचा सांगाडा लागतो, तो असलेल्या माणसाकडेच जा. कडक स्प्रिंगबद्दल सांगते. १९४७-४८ च्या सुमारास मिलानमध्ये आकिल्ले गाज्जियानं स्प्रिंगचा ग्रुप बाजारात आणला, तेव्हा नुसत्या वाफेच्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त दाब कॉफीला मिळाला आणि क्रीमा दिसायला लागला. तेवढ्यावरून अजून दाब म्हणजे अजून क्रीमा असं निघत नाही. क्रीमा ताज्या भाजलेल्या कॉफीतल्या वायूवर अवलंबून असतो. भाजून दोन आठवडे झालेल्या कॉफीच्या जागी चार महिन्यांची कॉफी असेल तर कुठलीही स्प्रिंग तिला वाचवू शकत नाही. कडक स्प्रिंगचा भार पिना, दांडा आणि ग्रुपच्या बोल्टांवर येतो, आणि वॉशर घालून जुनी स्प्रिंग कडक केली तर तळाशी तिची वेटोळी एकमेकांना टेकू शकतात. तेव्हा दांडा खाली जाताना मध्येच थटतो आणि काहीतरी मोडतं. पुढच्या पत्रात खांदा कसा आहे ते कळव.

प्रश्न: पहिला कप उत्तम, दुसरा बरा, तिसरा कडू. रोज हेच. मशीनमध्ये दोष आहे का?

उत्तर: दोष नाही, ग्रुप तापतो. बॉयलरला थेट जोडलेल्या ग्रुपचा हा स्वभावच आहे. ग्रुपच्या बाहेर चिकटवायची तापमानाची रंग बदलणारी पट्टी मिळते, ती लावा. कुठल्या आकड्याला तुमचा कप चांगला येतो ते आठवडाभर बघा. आकडा वर गेला की पोर्टाफिल्टर थंड पाण्यात बुडवून, पुसून लावा, किंवा ओलं फडकं घडी करून मिनिटभर ग्रुपवर ठेवा. बॉयलरच्या काचेच्या नळीवर ते ओघळू देऊ नका, तापलेल्या काचेला गार थेंब सोसत नाही. कप झाला की यंत्र बंद करायची सवय लावा. बॉयलर आणि ग्रुप यांच्यामध्ये उष्णता अडवणारी टेफ्लॉनची चकती बसवणं हा बदल मी मोकळ्या मनानं सुचवते, फक्त ती तुमच्याच यंत्राच्या मापाची तयार चकती असावी. मापात थोडा फरक असला तर तिथूनच वाफ गळते. घरी पत्र्यातून कापू नका.

दोघा-तिघांनी लाकडी मूठ, तळ नसलेला पोर्टाफिल्टर आणि वाफेच्या नळीचं एका भोकाचं टोक याबद्दल विचारलंय. तिन्ही करा. टोक बदलताना यंत्र थंड असू द्या. तळ नसलेल्या पोर्टाफिल्टरमधून सुरुवातीला बारीक चिळकांड्या उडतील, त्या कॉफी सारखी पसरली नसल्याच्या खुणा आहेत.

प्रश्न: आजोबांचं लिव्हर मशीन माळ्यावर सापडलं. साठच्या दशकातलं असावं. चमकवून वापरायचं आहे. पाणी भरून प्लग लावून बघितला तर चालेल?

उत्तर: अजून प्लग लावू नका, पण वाचवा त्याला. ला पाव्होनीची युरोपिकोला १९६१ ची, ऑलिंपियाची क्रेमिना १९६७ ची, आणि त्या काळातली कितीतरी यंत्रं आजही रोज कॉफी देतात. तुमचंही देईल.

सुरुवात वायरीपासून. जुनं कापडी किंवा रबरी आवरण बोटानं वाकवलं की तुकडे पडतात. मुख्य वायर बदला आणि ती तीन तारांचीच लावा, अर्थिंगची तार यंत्राच्या धातूच्या अंगाला आवळून. आत राखाडी-पांढरी, तंतुमय, पुठ्ठ्यासारखी चकती किंवा दोरी दिसली तर ती खरवडू नका, फुंकू नका. त्या काळी ॲस्बेस्टॉस वापरत असत. तिला पाण्यानं भिजवा, मास्क लावून अखंड काढा, पिशवीत बंद करा आणि विल्हेवाट तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे लावा. मग जाणकाराकडून हीटर आणि यंत्राचं अंग यांच्यातला रोध मेगरनं (जास्त व्होल्टेज लावून रोध मोजणारं उपकरण) मोजून घ्या. साध्या मल्टिमीटरला ही गळती बरेचदा दिसत नाही.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी पुरतं, पण बॉयलर तांब्या-पितळेचा किंवा स्टीलचा असेल तरच. ॲल्युमिनियमला ते खातं. त्यानंतर कितीतरी पाणी भरून फेकायचं. क्षार निघाला की बरेचदा नव्या गळत्या दिसतात. त्या नव्या नसतात, क्षारानंच बुजलेल्या असतात. बॉयलरच्या जोडावर हिरवट ओघळ दिसला तर घरी डाग देत बसू नका. दाबाच्या भांड्यांचं ब्रेझिंग करणाऱ्याकडे पाठवा आणि त्याच्याकडून थंड पाण्यानं दाब चाचणी करून घ्या. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरून हातपंपानं दाब देतात. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तर भोकातून पिचकारी येते, स्फोट होत नाही. हवा भरून चाचणी करू म्हणणाऱ्या माणसाला यंत्र देऊ नका.

सेफ्टी व्हॉल्व्ह नवा, सगळे सील आणि गॅस्केट नवे, पाण्याची पातळी दाखवणारी काच तडा नसलेली. पहिल्यांदा तापवताना बॉयलर पाऊण भरा, यंत्रासमोर उभे राहा आणि काटा कुठे थांबतो ते बघा. भरण्याचं झाकण दाब असताना कधीही उघडायचं नाही. आधी वीज बंद, मग वाफेची चावी उघडून सगळी वाफ सोडायची, काटा शून्यावर, आणि त्यानंतरच झाकण. हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. पहिले चार-पाच कप ओतून द्या, त्यांत ग्रीसची चव येते.